काही न केल्याचा बोनस

बोनस हा शब्द कानावर पडला की मुंबईचा माणूस गाढ झोपेतूनही उठून बसतो. आमच्या घराण्यात तर हा शब्द तीन पिढ्यांचा. आजोबा लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. त्यांना सही करायला दोन मिनिटं लागत, पण ८.३३ हा आकडा ते झोपेतही बरोबर म्हणत. किमान बोनस ८.३३ टक्के! पुढे १९८१ च्या दिवाळीत गिरण्यांमध्ये बोनसवरूनच ठिणगी पडली नि १९८२ च्या जानेवारीत तो प्रसिद्ध संप झाला. त्यात आजोबांचा बोनसही गेला आणि साचाही गेला. वडील पोस्टात लागले. तिथला बोनस सरकार जाहीर करी आणि तो हातात पडेपर्यंत फराळ संपलेला असे. मी बँकेत कारकून. हल्ली आम्हांला कारकून म्हणत नाहीत. २०२४ च्या वेतनकरारापासून आम्ही ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ झालो आहोत. काउंटरपलीकडचे आजोबा मात्र अजून ‘ओ क्लार्क’ अशीच हाक मारतात, आणि मीही लगेच ओ देतो.

तर ह्या तिन्ही पिढ्यांनी बोनससाठी काही ना काही केले. आजोबांनी घोषणा दिल्या, वडिलांनी ओव्हरटाइम केला, मी दोनदा काळी फीत लावली. परंतु काहीही न केल्याबद्दल बोनस मिळतो, हे मला वयाच्या चाळिशीत, मोटार घेतल्यावर कळले. त्याला ‘नो क्लेम बोनस’ म्हणतात. आमच्या शाखेत असे दोघे-तिघे आहेत की ज्यांना ह्या तत्त्वावर बोनस द्यायचा ठरला तर बँक बुडेल.

मोटार घेण्याची माझी ऐपत नव्हती, पण कर्मचाऱ्यांना सवलतीच्या व्याजाने कर्ज मिळते, आणि सवलत सोडणे हा बी.कॉम. झालेल्या माणसाच्या धर्मात महापाप आहे. म्हणून २०१७ साली पांढऱ्या रंगाची, ९९८ सी.सी.ची, उभट तोंडाची एक गाडी आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीत खांब क्रमांक सात आणि आठ ह्यांच्यामध्ये येऊन उभी राहिली. ‘उभी राहिली’ हे क्रियापद मी जाणूनबुजून वापरले आहे. माझी शाखा घाटकोपरला. मुलुंड ते घाटकोपर लोकलने जितका वेळ लागतो तितक्यात गाडी आमच्या गल्लीतून बाहेर पडून महामार्गाच्या सिग्नलपर्यंत पोहोचते. तेव्हा सोमवार ते शनिवार गाडी उभी, आणि रविवारी आम्ही तिच्यात बसून कुठेतरी जाऊन पार्किंग मिळाले नाही म्हणून परत येतो.

असल्या गाडीला अपघात कुठून होणार? पहिले वर्ष संपले आणि विम्याच्या कागदावर मला सूट दिसली : वीस टक्के. दुसऱ्या वर्षी पंचवीस. तिसऱ्या वर्षी पस्तीस. चौथ्या वर्षी पंचेचाळीस. आणि पाच वर्षं एकही क्लेम न करता काढल्यावर, पन्नास! त्याच्या वर शिडी नाही. बँकेत बावीस वर्षांत मला एकही बढती मिळाली नाही, मात्र विमा कंपनीने पाच वर्षांत पाच दिल्या. मी तो कागद फ्रेम करून लावणार होतो. बायको म्हणाली, “लावा. शेजारी तुमची बी.कॉम.ची गुणपत्रिकाही लावा, म्हणजे लोकांना कळेल की पन्नासच्या आसपास जायची तुम्हांला सवयच आहे.”

इथे एक खुलासा करायला हवा, कारण वाचकांपैकी निम्म्यांना वाटते की विम्याचा सगळा हप्ताच निम्मा होतो. मलाही वाटले होते. हप्त्याचे दोन भाग असतात. एक, आपण दुसऱ्याचे जे नुकसान करू त्याचा : थर्ड पार्टी. हा कायद्याने सक्तीचा. त्याचा दर सरकार ठरवते आणि तो गाडीच्या इंजिनावर ठरतो, मालकाच्या वागणुकीवर नाही. हजार सी.सी.पर्यंतच्या गाडीला १ जून २०२२ पासून तो २०९४ रुपये ठरला. तुम्ही दहा वर्षं मुंगीसुद्धा चिरडली नसेल तरी २०९४, आणि दर महिन्याला एक हातगाडी उलटवीत असाल तरी २०९४. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा : ओन डॅमेज. बोनस काय तो ह्या दुसऱ्या भागावर. म्हणजे, दुसऱ्याला ठोकण्याबद्दल शिक्षा नाही, स्वतःची गाडी नीट करून मागण्याबद्दल आहे. आपल्या देशाचा स्वभाव ह्यात पुरेपूर उतरला आहे असे मला वाटते. पडलास तर पड, पण रडू नकोस.

परदेशात असे नाही म्हणतात. माझा मेहुणा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. त्याच्या मुलाने सतराव्या वर्षी एका टपालपेटीला धडक दिली, तर पुढच्या वर्षी विम्याचा हप्ता असा चढला की मेहुण्याने भारतात येण्याचे तिकीट रद्द केले. (त्या टपालपेटीचे माझ्या बायकोला अजून वाईट वाटते, मला वाटत नाही.) फ्रान्समध्ये तर चोख गणितच आहे. एक ह्या आकड्यापासून सुरुवात. एक वर्ष निर्वेध गेले की आकडा ०.९५ ने गुणायचा, आपल्या चुकीने अपघात झाला की १.२५ ने. तिकडे निम्म्या हप्त्यावर पोहोचायला तेरा वर्षं लागतात. पण तिथे निदान चूक कोणाची हे विचारतात! आपल्याकडे तेही विचारत नाहीत. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची गाडी पावसाळ्यात सोसायटीच्याच नारळाखाली उभी होती. उभी! बंद! काका वर टी.व्ही. बघत होते. नारळ पडला, बॉनेटला वाडगा झाला. काकांनी क्लेम केला, पैसे मिळाले, आणि पुढच्या वर्षी पन्नास टक्क्यांचा बोनस शून्यावर. पन्नासाचा पंचेचाळीस नाही हो, शून्य! सापशिडीत अठ्ठ्याण्णववरचा साप असतो ना, तो. काका सोसायटीच्या वार्षिक सभेत उभे राहून म्हणाले, “चूक नारळाची, बोनस माझा गेला. सोसायटीने भरून द्यावा.” सभेने ठराव करून काकांना तो नारळ दिला.

आणि बायकोच्या मामांची हकिकत तर आमच्या घरात पुराणासारखी सांगितली जाते. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. मामांची गाडी अंधेरीच्या सबवेजवळ छपरापर्यंत बुडाली. मामा पोहत, चालत, कुणाच्या तरी घरी खिचडी खात दुसऱ्या दिवशी परत गाडीपाशी आले. पाणी ओसरले होते. माणूस काय करील? किल्ली फिरवली. इंजिनाने एक उचकी दिली नि प्राण सोडला. सर्व्हेअर आला. तो म्हणाला, पाणी शिरले ही नैसर्गिक आपत्ती, त्याचे पैसे मिळतील. किल्ली फिरवली ही मामा आपत्ती, त्याचे नाही. सीटकव्हरांचे आणि गालिच्याचे मिळाले, इंजिनाचे गेले, आणि सीटकव्हरांपायी बोनसही शून्य झाला. मामा अजूनही पावसात कुणी गाडीची किल्ली हातात घेतली की ओरडतात.

ही दोन उदाहरणे डोळ्यांपुढे असल्यामुळे मी माझा बोनस तळहातावरच्या फोडासारखा जपला. भांडुपला एल.बी.एस. मार्गावर एका रिक्षाने मागच्या दाराला गोंजारले, मी क्लेम केला नाही. रिक्षावाला म्हणाला, “साहेब, पॉलिशने जाईल.” पॉलिशने गेले नाही, पण बोनसही गेला नाही. मुलाने सायकलचे हँडल घासले, क्लेम नाही. विमा एजंटाने (हा माझा कॉलेजातला मित्र, कॉमर्सला जे बँकेत गेले नाहीत ते विम्यात गेले) एकदा सुचवले की थोडे जास्त पैसे भरलेस तर बोनस शाबूत राखण्याची पुरवणी मिळते. त्यावर आमचे बाबा म्हणाले, “म्हणजे विम्याचा विमा? मग त्या विम्यावरही बोनस असेल. तो गेला तर?” एजंटाने चहा अर्धा टाकला आणि तो गेला.

बाबांची ओळख करून द्यायला हवी, कारण हा लेख खरे म्हणजे त्यांच्याविषयी आहे. बाबा पोस्टात सदतीस वर्षं होते. नियम वाचणे हा त्यांचा एकमेव शौक. लोक दुपारी कादंबरी घेऊन लवंडतात, बाबा माझी मोटार पॉलिसी घेऊन लवंडतात. भिंग लावून, बारीक टायपासकट. पॉलिसी संपल्यावर नव्वद दिवसांच्या आत नवी केली नाही तर बोनस जातो, हे त्यांनी शोधून काढले आणि कालनिर्णयावर तांबड्या पेन्सिलीने खूण केली. बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, जुनी गाडी विकली तरी तो दाखला घेऊन तीन वर्षांत नव्या गाडीला लावता येतो, हेही त्यांनीच सांगितले. एकदा रात्री जेवताना ते एकदम म्हणाले, “मालक गेला आणि गाडी घरातच राहिली, तर बोनस बायकोला, मुलांना किंवा आईवडिलांना मिळतो. नियमात आहे.” बायकोने भाताचा डाव हवेत धरला. बाबा शांतपणे म्हणाले, “आईवडिलांनाही मिळतो हे वाचून आश्चर्य वाटलं, इतकंच. पण मला नको तसला बोनस.” आणि त्यांनी ताक मागितले.

गाडी घरात आली तेव्हा बाबा सहासष्ट वर्षांचे होते. पंधराव्या दिवशी ते मला न सांगता मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये दाखल झाले. “आयुष्यभर लाल सायकल नि लाल गाडी बघितली. एकदा पांढरी चालवून बघतो,” म्हणाले. ते परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले. मी दुसऱ्या फटक्यात झालो होतो, हा उल्लेख त्यांनी पुढची सहा महिने प्रत्येक पाहुण्यापाशी केला. गाडी चालवतानाही त्यांचे पोस्ट सुटले नाही. प्रत्येक वळणाला हॉर्न, प्रत्येक सिग्नलला हँडब्रेक, आणि वेग साध्या टपालाचा. पण आईच्या गुडघ्यांचा व्यायाम सुरू झाल्यापासून मंगळवारी आणि शुक्रवारी तिला मुलुंड पश्चिमेला नेऊन आणण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. आई पुढच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन, पट्टा लावून, नव्या नवरीसारखी बसे. खरे सांगायचे तर गाडीचा उपयोग घरात काय तो ह्या दोघांनाच होता. माझ्याकडे बोनस होता.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी बँकेने मला चार दिवसांच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला धाडले. (विषय ‘ग्राहकाशी हसतमुखाने कसे वागावे’ हा होता. शिकवणारे गृहस्थ चारही दिवस हसले नाहीत.) परत आलो, रविवारी गाडीचे कव्हर काढायला गेलो, तर कव्हर उलटे घातलेले. आरशांचे कान मागे, शेपूट पुढे. मी काढले. गाडी धुतलेली, पुसलेली. चांगले वाटले. आणि मग लक्षात आले की गाडी माझ्याकडे विचित्र बघते आहे. उजवा हेडलाइट जुना, पिवळसर, आठ वर्षं उन्हात काढलेला. डावा लख्ख! एक डोळा म्हातारा, एक तरुण. बंपर जरा जास्तच पांढरा, डाव्या चाकावरचा पत्रा गुळगुळीत. खांब क्रमांक सातकडे बघितले. खांबावर कमरेच्या उंचीला चुन्याचा ताजा हात मारलेला होता. सबंध खांबांत तेवढाच स्वच्छ चौकोन.

वॉचमनला विचारले. तो म्हणाला, “मालूम नहीं साब, मैं तो तब पानी भरने गया था.” “कब?” मी विचारले. “जब हुआ तब,” तो म्हणाला.

वर येऊन मी काही बोललो नाही. बाबा पेपर वाचत होते. आईने कांदेपोहे दिले आणि न विचारता वर खोबरे जास्त घातले. मंगळवारी संध्याकाळी कळले की ती व्यायामाला रिक्षाने गेली होती. “तुझ्या बाबांना कंटाळा आला होता,” म्हणाली. शुक्रवारी पुन्हा रिक्षा. मुलुंडात पूर्वेकडून पश्चिमेला जायला कबूल होणारा रिक्षावाला मिळवणे म्हणजे काय ते तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक. दुखऱ्या गुडघ्यांनी बाई वीस-वीस मिनिटं नाक्यावर उभी.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बाबा पासबुक भरून आणायला माझ्याकडे देतात. त्यांचे खाते आमच्याच बँकेत आहे. मोबाइलवर सगळे दिसते हे मी त्यांना पुष्कळदा सांगितले आहे. पण छापलेले नसेल ते खरे नसते, असे त्यांचे मत आहे. ह्या महिन्यात त्यांनी पासबुक दिले नाही. मीच कपाटातून घेतले. मशीनने कुरकुरत दोन ओळी छापल्या. पहिली : मुदत ठेव, २५,००० रुपये, मुदतपूर्व बंद. दुसरी : रोख ११,२००.

लोकहो, बँकेच्या माणसाच्या काळजाला घरं कशाने पडतात, हे तुम्हांला कसे सांगू? एक वर्षाची ठेव. ज्येष्ठ नागरिकांचा अर्धा टक्का जादा. दिवाळीला मुदत पूर्ण होणार होती. आणि बंद केली कधी, तर मुदतीला एकोणीस दिवस असताना! एकोणीस! मुदतपूर्व म्हणून एक टक्का दंड. दोनशे चाळीसच्या आसपास रुपये उगाच गेले. गिऱ्हाईक माझ्या काउंटरवर असे करायला आले तर मी त्याला खुर्ची देतो, पाणी देतो, आणि परत पाठवतो. म्हणूनच बाबा घाटकोपरला न येता मुलुंडच्या शाखेत गेले होते.

त्या रात्री मी हिशेब मांडला. गॅरेजवाल्याला फोन करून बिल विचारले होते, त्याने आधी “कौनसी गाडी?” वगैरे केले, मग सांगितले. बंपर ३,०००. हेडलाइट २,६००. चाकावरचा पत्रा २,२००. रंग २,४००. मजुरी १,०००. एकूण ११,२००. आता क्लेम केला असता तर? विमा कंपनी नवा माल देते, पण जुन्याचा घसारा कापून. प्लास्टिकचे निम्मे : बंपरचे १,५००, हेडलाइटचे १,३००. पत्र्याचे, गाडी पाच वर्षांच्या वर गेल्यामुळे, चाळीस टक्के कापून १,३२०. रंगकामातला पाव हिस्सा रंगाचा धरतात आणि त्याचे निम्मे कापतात : २,१००. मजुरी पुरी १,०००. बेरीज ७,२२०. त्यातून पहिले हजार रुपये सक्तीने आपले. हातात ६,२२०.

आणि बोनस गेला असता तो? माझा ओन डॅमेजचा मूळ हप्ता ६,००० रुपये. बोनसमुळे मी ३,००० भरतो. क्लेम केल्यावर पुढच्या वर्षी ६,०००. मग पुन्हा शिडी पहिल्या पायरीपासून : ४,८००, ४,५००, ३,९००, ३,३००, आणि सहाव्या वर्षी कुठे परत ३,०००. पाच वर्षांत जास्तीचे ७,५००. वर अठरा टक्के जी.एस.टी. धरला की ८,८५०. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, हप्ता थोडा हलेल, ते सोडा. ६,२२० मिळवण्यासाठी ८,८५० घालवायचे. म्हणजे क्लेम न करण्यात २,६३० रुपयांचा फायदा. बाबांचे गणित अचूक होते! ठेव मोडल्याचे दोनशे चाळीस वजा केले तरी.

गणित त्यांचेच होते हे मला पॉलिसीची फाइल उघडल्यावर कळले. आत एक वापरलेले पाकीट उलटे करून, पोस्टाच्या सवयीने, त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने सगळा हिशेब मांडला होता. बंपर, पत्रा, घसारा, शिडी. उत्तर : १,२८०. जी.एस.टी. धरला नव्हता. पोस्टात त्यांच्या काळी नव्हताच तो. आणि त्या उत्तराखाली, हिशेबापासून थोडी जागा सोडून, एक ओळ लिहून तिच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या : ‘फॉर्मवर ड्रायव्हरचे नाव, वय व लायसन्स नंबर लिहावा लागतो.’

मी पाकीट होते तसे ठेवून दिले.

बायकोला सांगितले. ती म्हणाली, “डावी बाजू ना? परवा वाढताना बघितलं, ताटात डावीकडे ठेवलेली चटणी ते शोधत होते.” आम्हां हिशेबनिसांना हे सुचले नसते. आठ दिवसांनी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. निमित्त माझ्या चष्म्याचे काढले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, चांगला पिकलेला. बाबांचा पहिला प्रश्न डॉक्टरांना नव्हता, मला होता. “केंद्र सरकारच्या पेन्शनरांच्या योजनेतून ऑपरेशन केलं, तर माझा काही बोनस जातो का रे?”

“त्यात बोनस नसतो, बाबा.”

“मग करू,” ते म्हणाले.

ऑपरेशन झाले. हिरवा चष्मा लावून महिनाभर ते गॅलरीत बसत. डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही असे सांगितले, तेही लेखी. पण बाबा किल्लीला हात लावीनात. किल्ली टी.व्ही.वरच्या गणपतीमागे पडून राहिली. आई रिक्षाने जात राहिली. मी एकदा आडून सुचवले, तर म्हणाले, “आता ह्या वयात कशाला? तुझे पन्नास टक्के आहेत.” मला त्या पन्नास टक्क्यांचा, आयुष्यात पहिल्यांदाच, भयंकर राग आला. वर्षाला तीन हजार रुपये. म्हणजे महिन्याला अडीचशे. आणि त्यांच्यापायी एक माणूस गणपतीमागे किल्ली ठेवून बसला होता नि एक बाई नाक्यावर उभी होती.

त्यात मी पेपरांतले जुने कात्रण त्यांना वाचून दाखवायची चूक केली. २०२१ साली विमा प्राधिकरणाच्या एका समितीने असे सुचवले होते की वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांच्या हप्त्यात भर घालावी, आणि प्रत्येक गुन्ह्याला गुण द्यावेत : दारू पिऊन चालवण्याला शंभर, चुकीच्या पार्किंगला दहा. मला वाटले, बाबा हसतील. बाबा म्हणाले, “आपल्याच खांबाला ठोकण्याला किती?” आणि मग जीभ चावून गप्प बसले. मीही ऐकले नाही असे केले. पण आता दोघांनाही माहीत होते की दोघांनाही माहीत आहे.

एका रविवारी मी उजवा हात गळ्यात बांधून बाहेर आलो. खांदा धरला आहे म्हणून सांगितले. बायकोने पुसायचे फडके बांधले होते, त्याला हळदीचा डाग होता. पण पोस्टातल्या माणसाला पार्सल कशात बांधले आहे त्याच्याशी कर्तव्य नसते. “आईला भाजी आणायला पश्चिमेला जायचंय,” मी म्हणालो, “आणि मला तर हात हलवता येत नाही.” बाबांनी माझ्याकडे बघितले. दोन्ही डोळ्यांनी, स्वच्छ. मग गणपतीमागून किल्ली काढली.

गेलो. वेग साध्या टपालाचा. प्रत्येक वळणाला हॉर्न. मागच्या रिक्षांनी आमचा उद्धार केला, तो मी खिडकी मिटून ऐकला. आईने पर्स मांडीवर घेऊन दोनदा पदर सारखा केला. पालेभाजी घेतली, सुरण घेतला, परत आलो. सोसायटीच्या दारातून आत शिरलो. खांब सात, खांब आठ.

बाबांनी गाडी थांबवली. हँडब्रेक लावला. “उतर आणि डावीकडे बघ,” म्हणाले.

मी उतरलो आणि सातव्या खांबाला पाठ लावून उभा राहिलो. “येऊ द्या... येऊ द्या... उजवीकडे जरा... येऊ द्या.” हात सांगताना मी दोन्ही हात हलवत होतो हे मला नंतर आईने सांगितले. बाबांनी एकदा मागे घेतली, पुन्हा पुढे आणली, आणि गाडी दोन्ही खांबांच्या बरोबर मध्ये उभी केली. वॉचमन लांबून बघत होता. तो ह्या वेळी पाणी भरायला गेला नाही.

बाबा उतरले. दार लावले, ओढून बघितले. मी म्हणालो, “बाबा, अठरा टक्के जी.एस.टी. धरायचा राहिला होता.”

ते एक क्षणभर थांबले. माझ्या गळ्यातल्या हळदीच्या फडक्याकडे बघितले.

“मग फायदा वाढला की कमी झाला?”

“वाढला.”

“किती?”

“तेराशे पन्नास.”

“हं,” बाबा म्हणाले, आणि खिशात पेन्सिल चाचपली. मग कव्हरचे एक टोक माझ्या हातात दिले. “धर. कान पुढच्या बाजूला येतात.”